पुष्पकातून दाखवलेल्या जागा



आजचं वाचन युद्धकांड, सर्ग १२३ (गीता प्रेसची प्रत). युद्ध संपलंय, पुष्पक विमान लंकेहून निघालंय आणि राम सीतेला खाली बोट दाखवून एकेक जागा सांगतोय. हे रणांगण. हा नलाने बांधलेला सेतू. ही किष्किंधा. हा ऋष्यमूक, इथे सुग्रीव भेटला. बरेच जण हा सर्ग भराभर उरकतात, कारण सगळी गोष्ट आधीच माहीत असते. ‘मागील भागात आपण पाहिलंत’ असं काहीतरी वाटतं.

पण क्रम नीट बघा. लंकेपासून पंचवटीपर्यंतचा रस्ता रामाने सीतेशिवाय काढलाय. त्या जागा तिच्या आठवणीतल्या नाहीत, फक्त त्याच्या आहेत. पंपा सरोवर आल्यावर तो सरळ सांगतो की इथे मी तुझ्याविना खूप रडलो. विमानात बिभीषण आहे, सुग्रीव आहे, अख्खी वानरसेना आहे. नुकतंच युद्ध जिंकलेला माणूस सगळ्यांदेखत हे बोलतो आणि वाल्मीकींना त्यात काही कमीपणा वाटत नाही.

मग पंचवटी. पर्णकुटी अजून उभी दिसते. रिकामी. विमान मनाने चालणारं होतं, वाट थोडी बदलता आली असती. राम बदलत नाही. इथूनच रावणाने तुला नेलं, हेही तो सांगतो. तिथून पुढे मात्र दोघांच्या जागा सुरू होतात: गोदावरी, अगस्तींचा आश्रम, आणि मग जिथे भरत आला होता तो चित्रकूट.

हा सर्ग मी गेल्या तीन वर्षांत किती वेळा वाचला, मोजलं नाही. माझी बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. आम्हा दोघांना पडक्या वास्तूंचे फोटो काढायचा नाद होता. रविवारी पहाटेची विरार लोकल, वसई रोडला उतरायचं आणि रिक्षाने किल्ल्यात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला. आत छपरं गेलेली चर्चं, वडापिंपळाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या भिंती, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा. ती त्या अक्षरांचे फोटो काढायची, मी भिंतींचे. आमचं यावर कायम भांडण. (आणि हो, प्री-वेडिंग शूटवाल्यांमुळे दोघांची सारखीच चिडचिड.)

ती गेल्यावर लोकांनी प्रेमापोटी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तिकडे परत जाऊ नकोस, आसक्ती वाढते. दोन, आत्मा अमर आहे, रडायचं कशाला? दुसऱ्याबद्दल थोडं बोलतो. गीतेतला तो उपदेश खराच आहे. पण तो श्रीकृष्णांनी सख्याच्या शेजारी, रथात बसून केलाय, आणि त्याआधी अर्जुनाला सगळं बोलू दिलंय. अख्खा पहिला अध्याय त्याच्या रडण्याचा आहे! आपण पहिला अध्याय गाळून दुसरा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतो. कोणाच्या घरी दुःख झालं असेल तर कृपया असं करू नका. जाऊन शेजारी बसा.

आणि आसक्तीचं काय? मला यात तुकोबांचा आधार वाटतो. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. व्यापार बुडाला, लोकांत मान राहिला नाही. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय, काहीही न लपवता. आणि त्याच अभंगात पुढे येतं की देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावं असं मनात आलं. म्हणजे घर मोडलेला माणूस मोडक्या देवळाकडे बघतो. तो तिथे नुसता आठवणी काढत बसत नाही, पाठही फिरवत नाही. कामाला लागतो. कीर्तनही त्यानंतरच सुरू होतं.

तेव्हा मी स्वतःला विचारायचा प्रश्न बदलला. जायचं की नाही, हा प्रश्न नाही. तिथे जाऊन मी काय करतो? पहिल्या वेळी मी तिच्या जुन्या फोटोची फ्रेम जुळवत बसलो होतो. तीच कमान, तोच कोन, तेवढंच ऊन. जुळली. पण फ्रेममध्ये उभं राहायला कोणी नव्हतं आणि मला ओळखीचं काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा भाचीला घेऊन गेलो. ती चौदा वर्षांची, प्रश्न थांबत नाहीत. मग मला बोट दाखवून सांगावंच लागलं: मामी इथे घसरली होती, इथे बसून आम्ही डबा खायचो, ही अक्षरं तिने तासभर पुसून साफ केली होती. पंपेजवळ रामाने केलं ते हेच ना? जागा तीच, दुःख तेच, फक्त ऐकायला कोणीतरी होतं. त्या दिवशी नागेश्वराच्या देवळात आम्ही दहा मिनिटं नामस्मरण केलं, आणि परत फिरताना चर्चमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा केल्या. दोन गोण्या भरल्या. किल्ला संरक्षित आहे, तिथली वीटही आपण हलवायची नसते. पण कचरा उचलायला कोणी अडवत नाही.

आता साधारण दर दोन महिन्यांनी जातो. कधी भाची, कधी ऑफिसमधलं कोणी. शिळांवरच्या अक्षरांचे फोटो आता मी काढतो, भिंती भाचीकडे दिल्यात.

ज्यांच्याकडे अशी एखादी जागा आहे, त्यांनी आज सर्ग १२३ मोठ्याने वाचा, जमलं तर घरात कोणालातरी ऐकवून. उद्या सर्ग १२४, भरद्वाजांचा आश्रम.

राम कृष्ण हरी.