कर्लवरून क्षेत्र, कार्यावरून कारण

कार्यावरून कारणाचे अनुमान करता येते हे न्यायदर्शनाला मान्य असून अशा अनुमानाला तेथे 'शेषवत्' अशी संज्ञा आहे. कयाधूला पूर आलेला पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असला पाहिजे असे हिंगोलीचा शेतकरी म्हणतो, तेव्हा तो हेच अनुमान करीत असतो. जगत् हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असलाच पाहिजे, हा उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली'तील युक्तिवाद याच वाटेने जातो. परंतु एवढ्यावरून कर्ता एकच आहे हे निष्पन्न होत नाही, असा आक्षेप रामानुजाचार्यांनी 'श्रीभाष्या'त घेतला आणि तो अत्यंत मार्मिक आहे. कारण असणे आणि कारण एकच असणे यांतील हा भेद सदिश कलनात जितका स्वच्छ दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

सदिश क्षेत्र म्हणजे अवकाशातील प्रत्येक बिंदूशी एक परिमाण व एक दिशा जोडणारी रचना, जसा वाहत्या पाण्याचा ठिकठिकाणचा वेग. आणि त्या क्षेत्राचा कर्ल म्हणजे त्या बिंदूशी ठेवलेले सूक्ष्म चाक कोणत्या अक्षाभोवती व किती वेगाने फिरेल याचे माप. आता केवळ कर्ल हाती असताना मूळ क्षेत्र परत मिळवावयाचे असेल, तर प्रथम त्या दिलेल्या कर्लचा डायव्हर्जन्स, म्हणजे एखाद्या बिंदूतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचे माप, सर्वत्र शून्य असावा लागतो. ही अट पाळली गेली आणि विचाराधीन प्रदेशात पोकळ्या वा आरपार भोके नसली, तर असे क्षेत्र अस्तित्वात असतेच. मात्र ते एकच नसते. प्रतलात (−य, क्ष) हे क्षेत्र केंद्राभोवती गोल फिरते, तर (०, २क्ष) हे क्षेत्र कोठेही वळत नाही, केवळ समांतर सरळ रेषांतून कमीअधिक वेगाने वाहते. तरीही दोहोंचा कर्ल सर्वत्र २ इतकाच येतो. त्यांच्यातील फरक (−य, −क्ष) हा क्ष आणि य यांच्या ऋण गुणाकाराचा ग्रेडियंट, म्हणजे त्या राशीच्या चढाची दिशा व तीव्रता दर्शविणारे क्षेत्र आहे, आणि ग्रेडियंटचा कर्ल नेहमीच शून्य असल्यामुळे तो कितीही मिसळला तरी कर्लला त्याचा पत्ता लागत नाही. मूळ क्षेत्राचा डायव्हर्जन्स आणि अनंत अंतरावरील त्याचे शमन हेही ठरवून दिले, तरच उत्तर एकमेव होते. पण ही माहिती कर्लमध्ये नसते, ती बाहेरून आणावी लागते. चुंबकीय क्षेत्रावरून त्याचे सदिश विभव, म्हणजे ज्याचा कर्ल घेतला की ते चुंबकीय क्षेत्र मिळते असे क्षेत्र, शोधताना भौतिकशास्त्रज्ञ अशीच एक अट स्वतः निवडतात आणि तिला गेज म्हणतात.

औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जात असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या वेधशाळेला, जिच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, हाच विचार लागू पडतो. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांमधून गुरुत्वीय तरंग गेला असता टोकांचे आरसे हलले, की आरसे आपापल्या निर्देशकांवर स्थिर राहून त्यांच्यामधील अंतरच बदलले, हे गेजच्या निवडीवर अवलंबून असते. दोन्ही वर्णने ग्राह्य आहेत आणि परतलेल्या लेसर किरणांच्या कलांमधील फरक दोन्हींत तेवढाच निघतो.

त्याच औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाशी संत नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा निगडित आहे: पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी, देव जेथे नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे सांगितले आणि नामदेवांना तशी जागा सापडली नाही. या कथेचा अर्थ सगुणाचा निषेध असा लावला जातो, तो अपुरा वाटतो. गेज निवडल्याशिवाय विभव लिहिता येत नाही, आणि म्हणून निवड ही असत्य नव्हे. निवडलेले रूप तेवढेच खरे मानणे ही चूक आहे. अनुमान कर्त्याच्या अस्तित्वापर्यंत नेऊ शकेल, परंतु विशिष्ट रूप हे अनुमानाचे फळ नसून भक्ताने बाहेरून आणलेली अट आहे, आणि ती आणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. परंपरेने नरसी येथे जन्मलेले मानले जाणारे नामदेव विसोबांच्या उपदेशानंतरही विठ्ठलाचेच वारकरी राहिले, आणि त्यांची पायरी पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी आहे.