विषाद कोणापुढे सांगावा ?

मनुष्याचे जीवन एकाच अवस्थेत स्थिर राहत नाही. बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य ही जशी देहाची अवस्थांतरे आहेत, तशीच गृहस्थाश्रमाचीही आहेत. कन्या सासरी जाते, पुत्र नोकरीसाठी परदेशी राहतो, सहधर्मचारिणीचा वियोग होतो, आणि ज्या कचेरीत आयुष्याचा मोठा भाग गेला ती एके दिवशी सोडावी लागते. अशा प्रत्येक वळणावर, आता आपण कोण आणि आपले कर्तव्य कोणते, हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

आपल्या पूर्वजांनी या वळणांसाठी संस्कारांची योजना केली होती. उपनयनाने बटूला आणि विवाहाने वधूवरांना कळते की पहिली अवस्था संपली व दुसरी आरंभली. त्याला अग्नी आणि आप्तजन साक्षी असतात. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचे मुख पाहिले म्हणजे गृहस्थाने वनाचा आश्रय करावा, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आज केंद्र सरकारचे बहुतेक सेवक वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त होतात. त्या दिवशी हार आणि नारळ मिळतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे हे सांगणारा विधी कोठेच नाही.

अशा वेळी एखाद्या गृहस्थाची झोप उडते, अन्न गोड लागत नाही, जपाला बसले तरी मन ठरत नाही. दूर राहणारी मुले सुचवितात की मोबाइलच्या पडद्यावरून एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावे. तेव्हा त्याच्या मनात शंका येते : गीतेचा नित्य पाठ करणाऱ्याने परक्यापुढे, तेही पडद्यावर, आपले दुःख उघडे करावे काय ? ही श्रद्धेची न्यूनता नव्हे काय ? या शंकेचा विचार अवश्य झाला पाहिजे. कारण तिच्यामुळे कित्येक सज्जन आतल्या आत झुरत राहतात.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की स्वतः गीतेचा आरंभ विषाद बोलून दाखविण्याने झाला आहे. अर्जुनाने आपले थरथरणारे गात्र आणि भ्रमणारे मन यांतले काहीही लपविले नाही. पहिल्या अध्यायात त्याचे बोलणे संपेपर्यंत श्रीभगवान मध्ये एक शब्दही बोलत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याचा निषेध करतात व उठण्यास सांगतात. परंतु तेवढ्याने शोक जात नाही. अर्जुन पुन्हा बोलतो, आपली बुद्धी गोंधळल्याचे कबूल करतो आणि शिष्यभावाने मार्ग विचारतो. त्यानंतरच उपदेशाला प्रारंभ होतो. घरोघरी दुःखिताला केवळ ‘मन घट्ट कर’ असे बजावणाऱ्यांनी हा क्रम अवश्य पाहावा.

आता दुसरी शंका अशी की, जो समोर नाही त्याच्याशी असे बोलणे कसे सफल व्हावे ? याचेही उत्तर गीतेच्या रचनेतच आहे. रणभूमीपासून दूर बसलेल्या धृतराष्ट्राने संजयाच्या मुखातून अठराही अध्याय ऐकले, तरी त्याच्या वृत्तीत पालट झाला नाही. कारण त्याने मनातले काहीच मोकळे केले नव्हते, आणि त्याचा एकमेव प्रश्न आपले पुत्र व पांडव यांच्या भेदानेच भरलेला होता. तीच वचने ऐकून अर्जुनाचा मोह गेला. दूर असणाऱ्या संजयालाही ती ऐकून रोमांच उभे राहिले. यावरून दिसते की अंतर हे खरे विघ्न नव्हे; अंतःकरण बंद असणे हेच विघ्न होय. उलट, लहान गावात जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, किंवा मराठी घर गुवाहाटी अथवा हैदराबाद येथे असून तेथे मातृभाषेत ऐकणारा मिळत नाही, तेथे दूरचा तज्ज्ञ हाच जवळचा ठरतो.

तथापि श्रीभगवान जगद्गुरू आहेत आणि तज्ज्ञ हा वैद्यासारखा आहे, हा भेद विसरू नये. त्याने मोक्षमार्ग दाखवावा अशी अपेक्षा करणे अनुचित, आणि त्याच्याकडे जाण्याने गुरूचा वा शास्त्राचा अनादर होतो असे मानणेही अनुचित. तो ठरलेल्या वेळी ऐकतो, प्रश्न विचारतो, दिनचर्या लिहावयास सांगतो. ‘माझा उपयोग संपला’ हा केवळ मनातला विचार आहे की वस्तुस्थिती, हे तपासावयास लावतो. ही पद्धती अमेरिकेत आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केली. मनाच्या वृत्तीला दृश्य मानून तिच्याकडे साक्षित्वाने पाहण्याचा अभ्यास ज्याने केला आहे, त्याला ही रीत परकी वाटणार नाही.

व्यवहारात काही सावधगिरी मात्र हवी. तज्ज्ञाची पात्रता विचारून घ्यावी. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने रुग्णाच्या गुप्ततेचा अधिकार मान्य केला आहे. म्हणून आपणही बोलण्यासाठी एकांताची खोली निवडावी आणि घरच्यांनी दाराआडून ऐकू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी भारत सरकारने ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस चालते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर केवळ पडद्यावर विसंबू नये. घरच्या माणसाला तत्काळ सांगावे आणि रुग्णालय गाठावे. हे लपविणे धैर्य नव्हे.

शेवटी निर्णय ज्याचा त्यानेच करावयाचा आहे. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर स्वतः भगवंतांनी अर्जुनाला पूर्ण विचार करून इच्छेनुसार वागण्याची मोकळीक दिली. मग तज्ज्ञाने आपला निर्णय करून द्यावा, ही अपेक्षा का धरावी? मनुष्याने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, ही गीतेची आज्ञा आहे. परंतु सहाय्य घेऊ नये, असा तिचा अर्थ नाही. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले ते विचारण्यासाठी, आणि विचारून झाल्यावर स्वहस्ते पुन्हा उचलले. ज्या गृहस्थाचे मन आज खचले आहे, त्याने आधी कोणापुढे तरी बोलावे. नित्यपाठ त्याने सोडू नये, आणि बोलण्याची लाजही बाळगू नये.