कॅमेरा धरणाऱ्याची नजर

पोहण्याच्या पोशाखातील बाईचे छायाचित्र म्हटले की वाद लगेच कपड्यावर येतो. अंग किती झाकले, किती उघडे, याची मोजणी सुरू होते. १९३८ साली मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर अशा पोशाखात पडद्यावर आल्या तेव्हा हेच झाले. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील काही नगरपालिकांनी अंग झाकणारी बुर्किनी समुद्रकिनाऱ्यावर बंद केली, तेव्हाही हेच, फक्त उलट्या दिशेने. आम्हांला विचारायचे आहे ते कॅमेरा धरणाऱ्याबद्दल.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला आतला आरसा वर उचलला जाई आणि खट् असा आवाज होई. तो कॅमेरा, जाडजूड लेन्स आणि स्टँड घेऊन कुणी जळगावच्या मेहरूण तलावाकाठी किंवा धुळ्याच्या नकाणे तलावावर उभा राहिला, तर चार माणसे वळून पाहणारच. २००८ साली ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत जाहीर केली. आरसा गेला, सेन्सर लहान म्हणून लेन्सही लहान झाली. पुढे इलेक्ट्रॉनिक शटरने आवाजही संपवला. खानदेशच्या उन्हात दिवसभर पाण्याकाठी उभे राहणाऱ्या फोटोग्राफरच्या मानेला ही मोठीच सोय. (मोबाइलचे तर बोलायलाच नको.) पण तो खट् आवाज दारावरच्या थापेसारखा होता. परक्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्या, सलाम करा, ही शिकवण सूरह नूरमध्ये आहे. त्याच सूरहमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग बायकांना. आपल्याकडच्या तकरिरींत हा क्रम बहुधा उलटा ऐकू येतो.

म्हणजे जड कॅमेरा सभ्य होता काय? तसे म्हणवत नाही. १९९४ साली जळगावात उघडकीस आलेल्या प्रकरणात मुलींचे फोटो हेच धमकीचे हत्यार झाले होते, आणि तेव्हा तर रीळ धुवून घ्यावे लागे. कॅमेऱ्याच्या वजनाने कुणाची आबरू वाचली नाही.

कायदा थोडा पुढे आला आहे. २०१३ मध्ये दंडसंहितेत ३५४ सी हे कलम आले. जुलै २०२४ पासून तेच न्याय संहितेत ७७ वे आहे. फोटो काढायला बाईने होकार दिला, पण तो इतरांना दाखवायला दिला नाही, तर पसरवणे हा गुन्हा, असे ते म्हणते. हा भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो. मात्र ते कलम खासगी जागेतील खासगी कृत्यापुरते आहे. उघड्या तलावात पोहणाऱ्या मुलीपर्यंत ते बहुतेक पोचत नाही. जाहिरातीसाठी पैसे घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीचा होकारही त्या जाहिरातीपुरता असतो, मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअॅपसाठी नसतो.

हलक्या कॅमेऱ्याने एक गोष्ट मात्र हातात दिली आहे. फोटो तिथल्या तिथे तिला पडद्यावर दाखवता येतो आणि ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसता येतो. रिळाच्या दिवसांत हे करता येत नव्हते.