वजा केलेला थर

देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या पट्ट्यात जमिनीखाली काय आहे हा प्रश्न पाण्यासाठीच विचारला जातो. विहीर खोदताना कातळ लागला की आणखी सुरुंग लावायचे, आडवे बोअर मारायचे, की जागाच बदलायची, यावर कांद्याचा पुढचा हंगाम ठरतो. तळहातावर नारळ घेऊन शिवार फिरणाऱ्या पाणाड्याला अजून बोलावणे जाते, कारण तो दारापर्यंत येतो. भूगर्भाचे शास्त्र त्या दारापर्यंत पोचलेले नाही. म्हणून दख्खनच्या कातळाखाली नैसर्गिक वायू शोधण्याचा विषय निघतो तेव्हा वायू सापडेल का, या प्रश्नाइतकाच मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शोध घेताना जे कळेल, ते कोणाजवळ राहील?

आधी शोध कशाचा आहे ते पाहू. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे पूर एकावर एक साचत गेले आणि आजचा महाराष्ट्र बहुतांशी त्याखाली गेला. सातमाळा आणि सेलबारी-डोलबारीच्या डोंगरांच्या पायऱ्या हे त्याच थरांचे उघडे पडलेले काठ आहेत. बेसाल्टमध्ये तेल किंवा वायू तयार होत नाही. त्यासाठी जैव अवशेष मिसळलेला गाळ लागतो, आणि तो पुरेशा उष्णतेत व दाबात दीर्घकाळ राहावा लागतो. पण लाव्हा येण्याआधी इथे काय होते? नर्मदेच्या खोऱ्यात बाघ परिसरात सागरी जीवांचे जीवाश्म असलेले खडक उघडे पडले आहेत. म्हणजे क्रिटेशस काळात समुद्राचा एक फाटा तिथवर आला होता. तो गाळ दक्षिणेकडे कातळाखाली पसरला असेल, तर तो कुठवर आणि किती जाड, हेच खरे कोडे आहे.

या कोड्यावर काम नवे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने खोल भूकंपीय मापनाच्या रेषा पश्चिम आणि मध्य भारतात टाकल्या. त्यातली एक मध्य प्रदेशातून सेंधव्यामार्गे जळगाव जिल्ह्यातल्या सिंदाडपर्यंत आली. या नोंदींवरून के. एल. कैला यांनी 1988 साली नर्मदा-तापी भागात कातळाखाली मध्यजीव काळातले एक लपलेले खोरे असल्याचे अनुमान मांडले. पुढे गुरुत्व, चुंबकीय आणि विद्युतवाहकतेच्या मापनांनी त्या कल्पनेला आधार मिळाला.

दक्षिणेकडचा अनुभव मात्र वेगळा आहे. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल भोक घेतले गेले. तिथे 338 मीटरवर बेसाल्ट संपला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर निघाला आणि लगेच जुना पायाभूत खडक लागला. कोयनेत भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या भोकांत तर बेसाल्ट संपला की थेट ग्रॅनाइटी खडक. गोठणे इथले तीन किलोमीटरचे भोक सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट भेदून गेले, आणि मधे गाळ नव्हताच. देवळा तापीच्या दक्षिणेला आहे, किल्लारी-कोयनेच्या बऱ्याच उत्तरेला. त्यामुळे इथल्या शिवाराखाली वायू आहे असे म्हणणारा आणि नाही असे म्हणणारा, दोघेही पुराव्यापुढे धावत आहेत.

पुरावा मिळवणे इतके अवघड का, याचे कारण कातळाच्या स्वभावात आहे. भूकंपीय सर्वेक्षणात ठरावीक अंतरावर भोके घेऊन त्यात लहान स्फोट करतात, किंवा जड वाहनांनी जमीन थरथरवतात, आणि रेषेवर मांडलेले जिओफोन खालून परतणाऱ्या लहरी टिपतात. खंबायतच्या खोऱ्यात हे सोपे गेले. तिथे गाळ बेसाल्टच्या वर आहे, 1960 साली अंकलेश्वरला तेल लागले ते त्याच गाळात. आपल्याकडे उलटी मांडणी आहे. बेसाल्टमधून लहर सेकंदाला पाचेक किलोमीटर वेगाने धावते, खालच्या गाळात तिचा वेग कमी होतो. वेगवान थराखाली मंद थर असला की वक्रीभवनाच्या पद्धतीत तो दिसतच नाही, त्याच्यावरून पृष्ठाजवळ परत येणारी लहरच तयार होत नाही. शिवाय बेसाल्ट एकसंध नाही. घट्ट थर, पोकळ्यांचा थर, त्यामध्ये तांबड्या मातीची पट्टी, पुन्हा घट्ट थर, अशी रचना असल्याने लहरींची ऊर्जा मधेच विखुरते. म्हणून जमिनीचा विद्युतरोध मोजणारी पद्धत जोडीला घ्यावी लागते. बेसाल्ट वीज अडवतो, ओलसर गाळ ती वाहू देतो.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2016मध्ये राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रम सुरू केला तो अशाच न तपासलेल्या खोऱ्यांसाठी. ओएनजीसी आणि ऑइल इंडियामार्फत 48,243 किलोमीटर लांबीच्या रेषा मोजायच्या असे ठरले. देशाच्या गाळखोऱ्यांच्या वर्गवारीत दख्खनचे खोरे तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी कळलेल्या गटात आहे. ही मोजणी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुंबई हायची रचना भारतीय आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी साठच्या दशकात समुद्रात शोधली, ‘सागर सम्राट’ने फेब्रुवारी 1974मध्ये तेल गाठले आणि मे 1976मध्ये उत्पादन सुरू झाले. आधी कोणीतरी धीराने मोजले म्हणूनच ते घडले.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. कातळाखालचे चित्र नीट उमटावे म्हणून सर्वेक्षणाला आधी जमिनीचा सर्वांत वरचा थर मोजावा लागतो. माती, मुरूम, कुजलेला आणि फुटलेला कातळ यांतून लहर रेंगाळते, दर काही अंतरावर वेगळी रेंगाळते, आणि खालचे सगळे चित्र त्यामुळे वाकडे येते. म्हणून रेषेवर जागोजागी काही दशक मीटरांची उथळ भोके घेतात, वेगवेगळ्या खोलीवरून लहरीला वर यायला किती वेळ लागतो ते टिपतात, आणि त्यावरून मऊ थर कुठे संपतो, टणक खडक कुठे लागतो हे काढतात. मग संगणकात त्या थराचा परिणाम वजा करतात. तेल शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो निव्वळ अडथळा असतो.

शेतकऱ्याची विहीर नेमकी त्याच थरात असते. दख्खनच्या कातळात भूजल मुख्यतः वरच्या कुजलेल्या आणि भेगाळ पट्ट्यात राहते. हा पट्टा कुठे पाच मीटर, कुठे पंचवीस, आणि एका गटात पाणी असताना शेजारच्या गटात ठणठणाट का, याचे अर्धे उत्तर तिथे असते. उरलेले उत्तर पोकळ्यांच्या थरात आणि कातळात उभ्या घुसलेल्या डाइकमध्ये असते. जमिनीत पुरलेल्या बंधाऱ्यासारखा तो डाइक एका बाजूला पाणी धरतो आणि दुसरी बाजू कोरडी ठेवतो. धुळे-नंदुरबारकडे असे डाइक शेकड्यांनी आहेत. हे सगळे सरकारी पैशाने मोजायचे, आणि ज्याच्या शेतात भोक घेतले त्याच्या हातात पिकाच्या नुकसानभरपाईची पावती तेवढी द्यायची, हे मला पटत नाही.

या पद्धती पाण्यासाठी वापरता येतात हेही सिद्ध आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या जलधर-नकाशांच्या पथदर्शी प्रकल्पात नागपूर जिल्ह्यातले चंद्रभागा पाणलोट घेतले होते. तिथे याच भूभौतिकी संस्थेने हेलिकॉप्टरखाली उपकरण टांगून जमिनीची वाहकता मोजली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972पासून आहे. ती निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घातले आहे. बंधन घालणाऱ्या शासनाने 60 मीटरांच्या आत पाणी कुठे आहे ते सांगायला नको का? सांगितले नाही की लोक सहाशे, आठशे फुटांचे बोअर मारत राहतात, कर्ज काढून.

ऊर्जेच्या खात्याकडे माहिती गेली की ती राष्ट्रीय विदा भांडारात जमा होते. 2017 साली नोएडात सुरू झालेले हे भांडार गुंतवणूक करू पाहणाऱ्या कंपन्यांसाठी मांडलेले आहे, आणि त्या अर्थाने उपयुक्त आहे. पण त्यात गावाला खिडकी नाही. मालकीच्या बाबतीतही गाव बाहेरच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 48व्या कलमाने खनिजांवर शासनाचा हक्क सांगितला आहे. जमिनीवरच्या नैसर्गिक वायूचे स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जाते. कोळसा किंवा लोहखनिज निघते तिथे 2015च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते आणि बाधित गावांसाठी पैसा वेगळा काढावा लागतो. तो कायदा खनिज तेलांना लागू नाही, आणि खनिज तेलांत नैसर्गिक वायूही येतो. उद्या खरोखर वायू लागला तरी जिल्ह्याच्या वाट्याची अशी तरतूद आज नाही. ओएनजीसीपेक्षा हा दोष कायद्याचा आहे.

वायू घट्ट खडकात अडकलेला निघाला तर एक गोष्ट आणखी कठीण होईल. तो मोकळा करायला एका विहिरीत एक कोटी लिटरहून अधिक पाणी दाबाने सोडावे लागू शकते. उन्हाळ्यात शेततळ्याच्या तळाशी राहिलेल्या पाण्यावर डाळिंब जगवणाऱ्या तालुक्यात ते कुठून आणायचे? हा प्रश्न परवाना देताना नव्हे, त्याआधी मांडायला हवा, आणि वरच्या जलधराचा नकाशा गावाजवळ असल्याशिवाय तो नीट मांडताच येणार नाही. खाली सोडलेले पाणी आपल्या विहिरीपर्यंत येईल का, या शंकेला आधीची नोंद नसेल तर पुढे कोणतेही न्यायालय उत्तर देऊ शकत नाही.

मोसम, पांझरेच्या काठी फड पद्धतीचे बंधारे शेकडो वर्षे चालले. त्यात पाणी किती, पाळी कोणाची, कोणत्या फडात यंदा कोणते पीक, हे गावाला ठाऊक होते आणि पाटकऱ्याला विचारता येत होते. भूगर्भाच्या बाबतीत तेवढेच मागणे आहे. जिथे रेषा गेली, तिथल्या प्रत्येक उथळ भोकाचा गट क्रमांक, मुरमाची जाडी, कातळाची खोली आणि भोकात लागलेली पाण्याची पातळी मराठीत एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या आणि भूजल यंत्रणेच्या दप्तरात द्यावी. खोल थरांची, व्यापारी मोलाची माहिती कंपनीने खुशाल राखून ठेवावी. उथळ नोंद देण्याची अट सर्वेक्षणाच्या निविदेत घालता येते, त्याला नवा कायदा लागत नाही, आणि ती मोजणी कंत्राटदाराने एरवीही केलेलीच असते.