दृष्टान्त खरा असावा काय?

एक चूक कबूल करण्यासाठी हे चार शब्द लिहीत आहे.

सावंतवाडी तालुक्यात आंबोलीजवळ पारपोली गाव आहे. फुलपाखरांचे गाव म्हणून लोक आता तिथे मुद्दाम जातात. कीर्तनानिमित्त मीही गेलो. तिथल्या एका मुलाने मला नीलवंत दाखविले. काळ्या पंखांवर निळाई मिरविणारे हे पाखरू 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. लिंबाच्या पानावरचा त्याचा सुरवंटही त्याने दाखविला.

मी सवयीने भ्रमरकीटन्याय सांगू लागलो. कुंभारीण माशी सुरवंटाला मातीच्या घरात कोंडते, तो भयाने तिचाच ध्यास घेतो आणि तिच्यासारखा होऊन बाहेर पडतो. पोर हसले. "बुवानू, सुरवंटाची कुंभारीण होना नाय. तिचां पिल्लू तेका खाता!"

चौकशी केली, तो पोराचेच खरे! कुंभारीण डंख मारून सुरवंटाला लुळा करते, घरात अंडे घालते आणि तोंड लिंपते. अंड्यातली अळी तो सुरवंट खाऊन वाढते. बाहेर येते ती कुंभारिणीची लेक. कोंडलेला बिचारा केव्हाच संपलेला असतो.

आता काय करावे? भागवताच्या 11 व्या स्कंधात, अवधूताच्या 24 गुरूंत हा कीटक आहे. कोणी म्हणेल, दृष्टान्त एकदेशी असतो, फार ताणू नये. मान्य. मुखाला चंद्र म्हटले तर चंद्रावरचा डाग मोजू नये. पण चंद्राचे आल्हादकपण तरी खरे असते ना? इथे ज्या 'तद्रूप होण्या'साठी दृष्टान्त घेतला, तेच घडत नाही. गौतमांच्या न्यायसूत्रांप्रमाणे सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचे जिथे एकमत, तो दृष्टान्त. जुन्यांनी डोळ्यांना दिसले ते सांगितले, त्यांना दोष नाही. कळल्यावरही मी तेच खरे म्हणून सांगितले, तर दोष माझा. दृष्टान्त पडला म्हणून सिद्धान्त पडत नाही. भिंत पक्की असली तर टेकू काढावा.

मग नीलवंताकडे पाहावे. सुरवंटाच्या अंगात पंखांचे सूक्ष्म अंकुर आधीच असतात. कोशात जुन्या देहाचा बराच भाग विरघळतो आणि त्यावरच ते अंकुर वाढतात. बाहेरून कोणी येऊन त्याला फुलपाखरू करीत नाही. जे आत होते तेच उमलते, पण जुने विरघळल्यावाचून नाही. जीव आणि शिव यांच्याविषयी आपण हेच सांगत आलो ना? अर्थात हाही दृष्टान्तच. सुरवंट काही नामस्मरण करीत नाही, आणि पाखरावरून ब्रह्म सिद्ध होत नाही.

पुढच्या कीर्तनात मी दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि इतकी वर्षे चुकीचे सांगितल्याबद्दल श्रोत्यांपुढे हात जोडले. कोणाची श्रद्धा ढळली नाही. विठ्ठल सत्य आहे. त्याच्या सेवेला खोट्याचा टेकू कशाला?