उराउरी भेट

पंढरीस मुखदर्शनाची सोय आहे. दुरून का होईना, देव दिसतो. तरी माणसे पदस्पर्शाच्या बारीत तासन्‌तास तिष्ठत उभी राहतात. का बरे? दिसला म्हणजे झाले नाही का? नाही होत. चरणांवर डोके टेकल्यावाचून जिवाचे समाधान नाही. वारकरी वारकऱ्यास भेटला तरी पाया पडून उराउरी भेटतो.

हेच आपण घरी मात्र विसरतो. सुनेला आठव्या महिन्यातच बाळ झाले, दीड किलोचे. "बाळ काचेत ठेवलंय" म्हणत बाप दवाखान्याच्या दारात बसतो, आई दुसऱ्या वॉर्डात, आणि आजी बजावते, "सुवेर आहे, शिवू नका कुणी." म्हणजे मुखदर्शन सर्वांना, आणि स्पर्श कोणाचाच नाही! कासवी नुसत्या दृष्टीने पिले वाढवते हा दृष्टान्त कीर्तनात गोड लागतो. पण मनुष्याच्या लेकराला पक्षिणीचीच रीत हवी.

सदतीस आठवडे भरण्याआधी आलेल्या जिवाच्या कातडीखाली चरबी नसते. अंग पाहता पाहता गार पडते. अंगातली साखर उतरते, कधी श्वासही थबकतो. कोलंबिया देशात बोगोटा शहरी 1978 साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्यापुढे हीच अडचण होती. पेट्या थोड्या, बाळे फार. एकाची बाधा दुसऱ्याला होई. त्यांनी लेकरे आयांच्या उघड्या उराशी बांधली. कांगारू आपले कच्चे पिलू पोटच्या पिशवीत वाढवतो, म्हणून याला कांगारू पद्धत म्हणू लागले. नाव परके खरे, पण पदराआड लेकरू घेणे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको.

कोणी म्हणेल, पेटी नाही तिथे ठीक, मोठ्या दवाखान्यात याचे काय काम? तर ऐका. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दोन किलोच्या आतल्या बाळांवर हे करून पाहिले आणि 2008 साली निष्कर्ष छापला: उराशी ठेवलेल्यांचे वजन अधिक वाढले, अंग गार पडणे कमी झाले. पुढे घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपले दिल्लीचे सफदरजंग अशा पाच ठिकाणी एक किलो ते पावणेदोन किलोच्या सुमारास असलेली तीन हजारांवर बाळे घेतली. निम्म्यांना प्रकृती सावरल्यावर उराशी दिले, निम्म्यांना जन्मल्याबरोबर. त्यासाठी आईची खाटच त्या विशेष कक्षात नेली. 2021 साली हिशेब निघाला. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत थांबलेल्यांपैकी शंभरी सुमारे सोळा गेली, लगेच उराशी घेतलेल्यांपैकी बारा. शंभरात चार घरांचे दिवे, अहो! तेही नुसत्या उबेवर.

राहिले सुवेर. पाळणाऱ्याचे मन मी दुखवीत नाही; पण सुवेर दहा दिवसांनी फिटते, आणि अशा बाळाचे हेच दिवस सर्वांत कठीण. ज्या दारात आपण कोणाचाही स्पर्श विटाळ मानीत नाही, त्या दारचे आपण माळकरी. मग आपल्याच रक्ताचा विटाळ कसला?

आणि बापाने का लाजावे? आई शस्त्रक्रियेने गळून पडलेली असेल तर त्याने सदरा काढून बसावे. आजीनेही बसावे. विठोबाला आपण विठाई म्हणतो, तिथे पुरुषाच्या छातीला मायपण शोभत नाही असे कोण म्हणेल?

रीत सोपी आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. छातीवर उभे, बेडकासारखे पाय दुमडून, तोंड एका कुशीला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वास कोंडत नाही. वरून मऊ सुती कापडाने बांधावे. एका बैठकीस तासाच्या आत उठू नये. दिवसाकाठी आठ तास तरी, जमेल तर अहोरात्र. जवळ असले की दूधही चांगले उतरते. यंत्रावर श्वास चाललेल्या अत्यवस्थ बाळाचे मात्र डॉक्टर सांगतील तसे. तेथे आपला आग्रह नको. पण इतरांबाबत विचारायला भिऊ नका. "आमचे बाळ उराशी कधी देता?" एवढेच विचारावे.

किती दिवस, असे बायका विचारतात. बाळ अडीच किलोच्या घरात आले की ते आपणच हातपाय झाडते, कुरकुरते, बाहेर येऊ पाहते. तेव्हा सोडावे.