आजचे चिंतन : गीता ३.६ – वरून कोरडं, आतून ओलं



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला सहावा. हातपाय आवरून शांत बसलेला, पण मनात विषयच घोळवणारा जो माणूस, त्याला भगवंत 'मिथ्याचारी' म्हणतात. हा शब्द समजून घ्यायला बाथरूमची मोरी चांगली उपयोगी पडते. हसू नका, पटतंय का बघा.

जुन्या इमारतीत मोरीच्या जाळीखाली बिडाचा नहाणी ट्रॅप असतो. वर्षानुवर्षं पाणी आणि ॲसिड पिऊन तो गंजतो. त्याच्या कडेची भेग वाढते आणि पाणी पाइपात जायच्या ऐवजी लादीखाली शिरतं. प्लंबर म्हणतो, लादी फोडावी लागेल. मग आपण जाळी काढून कडा घासतो, कोरडी करतो, एम-सील दाबून भरतो, वर पांढरं सिमेंट फिरवतो आणि एक दिवस मोरी बंद ठेवतो. झालं काम!

हा मिथ्याचार आहे का? मला नाही वाटत. पैसे दिवाळीनंतर येणार असतात, घरात मुलांची परीक्षा असते. तोवर ठिगळ लावणं हा व्यवहार आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही रात्री दोनला सिस्टीम बंद पडली की आधी ठिगळच लावतात. पण कायमच्या दुरुस्तीचं तिकीट उघडं ठेवतात. ते तिकीट गुपचूप बंद केलं, की तिथून खोटेपणा सुरू होतो.

कारण ठिगळ सुटल्याचं आपल्याला कळतच नाही. आपली लादी कोरडीच दिसते. ओल येते खालच्या मजल्यावरच्या छताला. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे त्यांच्या डोक्यावर पडतात. भेग खरंच बुजली का हे बघायचं तर ट्रॅपच्या तोंडात बोळा कोंबून इंचभर पाणी चोवीस तास साठवायचं, आणि मग जिना उतरून खालच्या काकूंना विचारायचं, "काकू, छत बघू का जरा?" ही पायरी आपण टाळतो.

मनाचंही असंच. साहेबांपुढे गिळलेला राग वरून गोड हसण्याने बुजवतो. तो झिरपतो आपल्यापेक्षा 'खालच्या' मजल्यावर: मुलांवर, कामवाल्या मावशींवर, वॉचमनवर. म्हणजे आपण शांत आहोत की नाही, हे त्यांना विचारायला हवं, आरशाला नाही.

पुढच्याच श्लोकात भगवंत उपाय सांगतात. कर्म सोडू नका. मनाने इंद्रियं ताब्यात ठेवा आणि आसक्ती न ठेवता काम करत राहा. म्हणजे दुरुस्ती आतून, पण हात चालू ठेवून.

आजचा संकल्प : घरात किंवा मनात जिथे ठिगळ लावलंय, तिथे कायमच्या कामाची तारीख लिहायची. आणि ज्याच्या छताला ओल आलीय, त्याला ती तारीख आपणहून सांगायची.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥